अध्यक्षांच्या यानावर टाकलेला रुमाल

दिनकर गेल्याची बातमी मला वेल्ह्याच्या एस.टी. स्टँडवर कळली, आणि ती कळल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडीच्या खिडकीतून रुमाल आत टाकला. मी आमच्या वाचनालयाची जुनी पुस्तकं तिथल्या शाळेला द्यायला गेलो होतो. आठवड्याचा बाजार होता, स्टँडवर माणसं आणि कोंबड्या सारख्याच संख्येने होत्या. भोरहून आलेली गाडी वळून उभी राहिली, कंडक्टर दारातून उतरला आणि मला पाहून थबकला. "भाऊसाहेब, तुमचं ड्रॉइंग मास्तर गेलं की ओ दुपारी," तो म्हणाला. मी "कुठं?" असं विचारलं. अशा वेळी माणूस किती हुशार प्रश्न विचारतो ते पुष्कळ पुस्तकं वाचूनही मला माहीत नव्हतं. तेवढ्यात गर्दी गाडीवर धावली. टोप्या, पिशव्या, टॉवेल खिडक्यांतून आत पडू लागले आणि माझाही हात आपोआप खिशात गेला. गाडीत चढून पाहिलं तर खिडकीजवळच्या बाकावर माझा रुमाल पडलेला होता, भोवती माणसं उभी होती, आणि कोणी तो उचलला नव्हता. मी त्या जागेवर बसलो तेव्हा मला दिनकरचा खेळ आठवला... आणि मग विंझर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिलो. विंझरला त्याचे चुलतभाऊ चढले, त्यांना तरी निदान माझा चेहरा बरा दिसावा म्हणून.

दिनकर भोरच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक होता. गाव विंझर, शिक्षण भोर आणि थोडं पुणे, लग्न पासलीच्या पार्वतीशी, जिला आम्ही सगळे पारूवहिनी म्हणत आलो. गावात त्याची ओळख दुकानांच्या पाट्या रंगवणारा मास्तर अशी होती. त्याच्या पाट्यांवरची अक्षरं सरळ असत आणि मजकूर बहुतेक वेळा दुकानापेक्षा मोठा असे, पण तो काही त्याचा दोष नव्हता. माझी त्याची मैत्री वाचनालयात झाली. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी भोरमधला प्रत्येक जण काही महिने अवकाशतज्ज्ञ झाला होता. न्हाव्याच्या दुकानात चंद्रावरच्या मातीची चर्चा चाले आणि जिल्ह्याचं ठिकाण कधी न पाहिलेली माणसं तिथल्या हवेबद्दल ठाम मतं देत. दिनकर मात्र रोज येऊन एकच मासिक उघडून बसे. त्यात दोन यानं एकमेकांना जोडलेली दाखवणारं चित्र होतं. एक दिवस त्याने मला विचारलं, "ह्या यानातून त्या यानात जायचं, तर मधे काय असतं?"

"काहीच नसतं."

"मग पाय कुठं ठेवायचा?"

मी म्हणालो की हा प्रश्न तिकडच्या लोकांनी सोडवलेला दिसतो. तो म्हणाला, "त्यांनी सोडवला असेल. मला सुटलेला नाही." दिनकरचं सगळं असंच होतं. जग एखादी गोष्ट उरकून पुढे गेलं की हा तिच्याजवळ जाऊन बसे.

त्यातून तो खेळ निघाला. शाळेतल्या निकामी झालेल्या गुंडाळी फळ्यावर, म्हणजे त्या काळ्या रंगवलेल्या जाड कापडावर, त्याने पांढऱ्या रंगाने घरं आखली, मधे मधे ग्रह काढले. तेलाच्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून कापून यानं केली, प्रत्येकाला खिडक्या ठेवल्या. दान टाकायला सारीपाटाच्या कवड्या. आम्ही चौघे खेळत असू, दिनकर, पारूवहिनी, मी आणि सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर, ज्यांना गावाने दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारली नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकली की त्यांच्या घरी पट अंथरला जाई. यानं हलवणं सोपं होतं. अडचण एकच, आणि ती पहिल्या दिवसापासून होती. एक यान दुसऱ्याला गाठतं, इथपर्यंत ठीक. पण ह्या यानातली माणसं त्या यानात चढणार कशी?

पहिला नियम बुद्धिबळासारखा होता. गाठलं की समोरचं यान मेलं. त्या रविवारी कंपाउंडर पहिल्या काही डावांतच मेले आणि उरलेली दुपार भिंतीला टेकून आमच्या चालींवर शेरे मारत बसले. वहिनींना ते पटलं नाही. "मेलं म्हंजे? आत मानसं हायत न्हवं?" त्या म्हणाल्या. "घरला बोलवायचं आन बाहेर बसवायचं, ही काय रीत झाली?" दिनकरने तो नियम खोडला. मग दोघांनी कवड्या टाकायच्या, ज्याचं दान मोठं तो जिंकला असं ठरलं. पण त्यात चढणं कुठेच नव्हतं, नुसतं नशीब होतं. मग दाराचा नियम आला, दाराला कुलूप आलं, कुलपाला किल्ली आली, आणि एका यानातून दुसऱ्यात जायला इतका वेळ लागू लागला की मी म्हणालो, "दिनकर, ह्यापेक्षा कचेरीतून दाखला मिळवणं सोपं." तो हसला नाही. विनोद कळायचा त्याला, पण नियम अडला असताना तो ऐकू येत नसे.

उत्तर सापडलं ते भोरच्या स्टँडवर. पासलीला वहिनींच्या माहेरी लग्न होतं, आम्ही सगळे निघालो होतो. गाडी लागली, खिडक्यांतून रुमाल पडू लागले आणि दिनकर खाली उभा राहून बघतच बसला. वहिनी आत चढून ओरडत होत्या, "अहो, चढा की! गाडी काय तुमचं चित्र काढून घ्यायला थांबलीया व्हय?" तो चढला तेव्हा जागा गेली होती. वेल्ह्यापर्यंत तो उभाच आला, पण चेहरा असा, की कोणी पहिल्या बाकावर बसवून आणलंय. "कळलं का?" तो मला म्हणाला. "माणूस बाहेर असतो आणि त्याची जागा आत असते. मधे काही नसतं. पाय ठेवायला काही लागतच नाही."

त्या नियमाचं मला अजूनही कौतुक वाटतं. प्रत्येक खेळाडूला कापडाचा एक छोटा चौकोन, त्याचा रुमाल. दिनकरचा पांढरा, माझा निळा, कंपाउंडरांचा दवाखान्यातल्या पट्टीचा, वहिनींचा त्यांच्या जुन्या हिरव्या चोळीचा. तुमचं यान दुसऱ्याच्या शेजारच्या घरात आलं की तुम्ही त्याच्या खिडकीवर रुमाल टाकायचा. ज्याचं यान, त्याने हवं तर तो आपल्या हाताने उचलून तुम्हाला परत द्यायचा, पण मग त्याचा तो डाव गेला. त्याने परत दिला नाही तर पुढच्या डावात तुम्ही आत. दोघे मिळून ते यान चालवायचं, आतल्यांना मारायचं नाही. आणि टाकलेल्या रुमालाला तिसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. हे शेवटचं कलम त्याने लिहिलंही नव्हतं. भोरमधल्या माणसाला ते सांगावं लागेल असं त्याला वाटलं नसावं. नंतर कंपाउंडरांनी पट्टीचे बरेच तुकडे आणून एकाच डावात सगळ्यांच्या यानांवर टाकले आणि "आमचं सगळं कुटुंब येतंय," म्हणाले, तेव्हा माणशी एकच रुमाल अशी सुधारणा करावी लागली. खेळाचे ते फार चांगले दिवस होते. वहिनी सगळ्यांत चांगल्या खेळत. त्या घाई करत नसत. शेजारी येऊन दोन-तीन डाव नुसत्या थांबत, आणि समोरच्याला आपला डाव सोडवत नाही अशा नेमक्या वेळी तो हिरवा तुकडा खिडकीवर येऊन पडे. "आले बरं का, भाऊजी," त्या म्हणत. "सरकून घ्या."

मग शाळेत अवकाश प्रदर्शन भरलं. मुख्याध्यापकांना गावाला अवकाशयुगात न्यायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी एक अध्यक्ष बोलावले होते. अध्यक्षांचं नाव इथे सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी आमच्या भागात कोणत्याही समारंभाला तेच असत. त्यांचा एक मोठा छापखाना होता, आणि दिनकरचा खेळ बरा वाटला तर तो छापून महाराष्ट्रभर पाठवू असं त्यांनी मुख्याध्यापकांना कळवलं होतं. दिनकरने हे मला सांगितलं तेव्हा तो हात धुऊन आला होता, तरी बोटांना रंग होता. त्याने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मात्र त्याला हवं होतं. कुठल्या तरी लांबच्या गावातली चार माणसं पट अंथरून एकमेकांच्या यानावर रुमाल टाकतायत, हे चित्र तो मनात काढून बसला होता.

खेळाचं उद्घाटन अध्यक्षांनी स्वतः खेळून करायचं ठरलं. यानं पाहून मुख्याध्यापक म्हणाले, "साहेबांचं यान बाकीच्यांएवढंच? बरं दिसेल का ते?" म्हणून दिनकरने रात्रीतून एक मोठं यान केलं, पितळी पत्र्याचं, भरपूर खिडक्यांचं. जितक्या खिडक्या जास्त तितकं यान चढायला सोपं, हा त्याच्याच खेळाचा हिशेब होता, पण मोठेपणाची ही बाजू मुख्याध्यापकांना समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की हे सगळं यानशास्त्र आपल्या पूर्वजांना अवगत होतं. येताना त्यांची जीप घाटात बंद पडली होती आणि ती ढकलणाऱ्यांपैकी निम्मे जण पुढच्या रांगेत बसले होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी खेळ छापण्याचं जाहीर वचन दिलं. टाळ्या झाल्या. मग खेळ सुरू झाला. शिक्षकांपैकी कोणाला नियम येत नव्हते, म्हणून समोर आम्हीच बसलो, मी, कंपाउंडर आणि पारूवहिनी. दिनकर पंच म्हणून उभा.

अध्यक्ष दान टाकत आणि लोक वाहवा करत. थोड्या वेळाने वहिनींचं यान त्यांच्या पितळी यानाच्या शेजारी आलं. त्या नेहमीसारख्या थांबल्या. मला वाटलं, आज थांबूनच राहतील. पण खेळ म्हणजे खेळ. हिरवा रुमाल पितळी खिडकीवर पडला. अध्यक्षांनी तो पाहिलाही नाही. ते शेजारच्या कोणाला तरी शिक्षणप्रसाराबद्दल सांगत होते. त्यांनी आपलं यान मोठ्या झोकात पुढे नेलं, रुमालासकट. मग वहिनींचा डाव आला आणि त्या सहज म्हणाल्या, "सायेब, म्या आले आत. सरकून घ्या."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आणि मग पुष्कळ जण हसले... अध्यक्ष हसले नाहीत. "हे कोणत्या नियमाने?" त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी दिनकरकडे पाहिलं. मी दिनकरकडे पाहिलं. त्याने क्षणभरच डोळे मिटले असतील. मग तो वाकला, पितळी खिडकीवरचा हिरवा रुमाल उचलला आणि वहिनींच्या हातात दिला. "अध्यक्षांच्या यानाला हा नियम लागू नाही," तो म्हणाला.

"कवापासनं?" वहिनींनी विचारलं. भांडण नव्हतं आवाजात. त्यांना खरंच माहिती हवी होती.

"अगं, आधीपासून."

वहिनींनी रुमाल कमरेला खोचला आणि तो दाखवील त्या घरात आपलं यान मागे घेतलं. खेळ थोड्या वेळाने अध्यक्षांनी जिंकला. फोटो निघाला. त्यात दिनकर कडेला आहे, मान खाली, जणू पटावर काही सांडलंय.

छपाईचं काहीच झालं नाही, हे वाचकांनी ओळखलंच असेल. काही दिवस "कळवतो" होतं, मग तेही थांबलं. त्याचं दिनकरला दुःख झालं का? झालं असावं, पण ते तो कधी बोलला नाही. बोलायचा तो त्या रुमालाबद्दल. पुढच्याच आठवड्यात तो वाचनालयात आला आणि म्हणाला, "मानाचं यान असा एक नियम करता येईल." मी म्हणालो, "का नाही? गाडीत आमदारांची जागा राखीव असतेच की." मी ते टोमणा म्हणून बोललो होतो. त्याने ते गंभीरपणे घेतलं आणि म्हणाला, "पण ते आधीच बाकावर रंगवलेलं असतं. मी गाडी चालू असताना रंगवलं."

त्यानंतरची वर्षं तो हाच नियम करत होता. मानाचं यान, पाहुण्याचं यान, पंचाने हात लावलेला रुमाल, त्या रुमालाची भरपाई. दर वेळी नव्या नियमाचा एकच उपयोग असे. त्या दिवशी त्याने जे केलं ते त्यात बसावं, किंवा ज्या बाईच्या बाबतीत ते केलं तिला काही परत मिळावं. दोन्ही एका नियमात येत नव्हतं. आम्ही रविवारी खेळत राहिलो. वहिनीही खेळत. चहा करत, हसत, कंपाउंडरांची लबाडी पकडत. फक्त रुमाल टाकत नसत. शेजारी येत, थांबत आणि पुढे निघून जात. "टाका की वहिनी," मी एकदा म्हणालो. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "मला बाहेरच बरं वाटतंय." दिनकर कवड्या गोळा करत होता, तो गोळाच करत राहिला. नवरा-बायकोत ह्यावर काही बोलणं झालं होतं का, हे विचारण्याइतका मी कधीच धीट नव्हतो. पुढे कंपाउंडरांची बदली झाली, रविवार विरळ झाले, पट गुंडाळून कपाटावर गेला.

त्याचं दुखणं पोटाचं होतं आणि ते लांबलं. शेवटचा भेटलो तेव्हा तो खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. समोर स्टुलावर ते पितळी यान. मी म्हणालो, "अध्यक्षांना अजून समोर बसवलंयस?" तो हसला. वहिनी नळावर गेल्या होत्या. बाहेर बघून तो हळूच म्हणाला, "तिचं चढणं खरं होतं रे. पूर्ण नियमात होतं."

"हे मला काय सांगतोस? तिला सांग."

"सांगणार आहे. नियम एकदा नीट बसला की सांगतो."

"नियम कशाला पाहिजे? असंच सांग."

"असंच सांगितलं तर म्हणेल, आजारी पडलात म्हणून आठवलं का." मग म्हणाला, "सुचत आलंय. पुढच्या वेळी येशील तेव्हा दाखवतो." मी बरं म्हणालो. त्याच्याशी वाद घालून नियम लवकर होत नसत, हा अनुभव होता. आणि पुढची वेळ असते, असं मलाही वाटत होतं... त्यानंतर मी पुस्तकं घेऊन वेल्ह्याला गेलो.

शोकसभेला अध्यक्ष तेच होते. त्यांनी दिनकरला अवकाशयुगाचा द्रष्टा म्हटलं आणि त्याने केलेला खेळ छापून त्याचं स्मारक करण्याचं वचन दिलं. ह्या वेळी त्यांची जीप बंद पडली नाही. वहिनी सभेला आल्या नव्हत्या.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दुपार होती, आमची जुनी वेळ. खाट उचललेली होती, पण स्टूल तिथेच होतं आणि त्यावर ते पितळी यान. वहिनींनी मला बसवलं, आणि स्टूल माझ्यासमोर ओढून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यो तुमी ठिवला का?"

यानाच्या मधल्या खिडकीवर हिरव्या चोळीच्या कापडाचा चौकोन होता. रंग उडालेला, कडा विरलेल्या.

"नाही," मी म्हणालो.

"म्या बी न्हाई. माज्या शिवनाच्या डब्यात हुता इतकी वर्सं. ते गेल्यापासनं ह्या कोपऱ्याकडं बघवलं न्हाई. काल पुसायला गेले, तर हितं." त्या यानाकडे बघत राहिल्या. "त्यास्नी तर उटवत बी नव्हतं शेवटाला. कवा गेले डब्याकडं, कसं गेले..."

मग मी त्यांना सांगितलं, शेवटच्या भेटीत दिनकर काय म्हणाला होता ते, जसंच्या तसं. त्यांचं चढणं खरं होतं, पूर्ण नियमात होतं. आणि तो त्यांना सांगणार होता, नियम बसला की. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, रडतील. त्यांना राग आला होता.

"त्यात नियम कशापायी लागतुया?" त्या म्हणाल्या. "म्या काय खाल्लं असतं व्हय त्यास्नी? रोज दोन टायमाला म्होरं बसून जेवत हुतो आमी. तोंड हुतं की मानसाला..." मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "चा ठिवते," आणि आत गेल्या.

मी त्या यानासमोर एकटाच बसलो. खिडकीतून वारा येत होता आणि त्या हिरव्या कापडाचं एक टोक उचललं जाऊन पुन्हा बसत होतं. पडेल असं वाटून मी ते सारखं करायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. माझा नव्हता तो.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवायला स्टुलावर जागा नव्हती. त्यांनी एका हाताने ते यान कडेला सरकवलं, अगदी सावकाश, दुसऱ्या हातातल्या चहापेक्षाही जपून, आणि रुमाल जागचा हलला नाही असं पाहून मगच कप खाली ठेवला.